कलम एकचे कुंपण: जपानी हायस्कुलातील इंग्रजी पदविकेचा इतिहास

जपानमधील ‘कोको’ म्हणजे नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणानंतरचे तीन वर्षांचे हायस्कूल. पंधरा ते अठरा वयाची जवळजवळ सगळी मुले या टप्प्यातून जातात, वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते, शिकवण्याची भाषा जपानी असते, पाठ्यपुस्तके शिक्षण मंत्रालयाने तपासून मान्य केलेली असतात आणि शेवटच्या वर्षाचा सारा भर विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांवर असतो. अशाच काही हायस्कुलांत गेल्या दोन-अडीच दशकांत एखाददुसरी तुकडी अशी दिसू लागली, की जिथे गणित, रसायनशास्त्र आणि इतिहास इंग्रजीतून शिकवला जातो, उत्तरपत्रिका तपासण्यासाठी परदेशी परीक्षकांकडे जातात आणि अखेरीस इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेची, म्हणजे आयबीची, पदविका मिळते. या तुकड्यांकडे २०१३ नंतरच्या जागतिकीकरणवादी धोरणाचे अपत्य म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. ती अर्धीच खरी आहे, कारण या पदविकेची जपानमधील वाट भाषेपेक्षा कायद्याने ठरवलेली आहे. कोणत्या शाळेला शाळा म्हणावे आणि कोणाला विद्यापीठाच्या दारात उभे राहू द्यावे, या दोन प्रश्नांभोवती तिचा सगळा इतिहास फिरतो.

पदविकेची घडण आधी सांगितली पाहिजे. जिनेव्हातील १९२४ च्या आंतरराष्ट्रीय शाळेत राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अधिकाऱ्यांची मुले शिकत, आणि शेवटच्या वर्षी कोणी फ्रान्सच्या, कोणी इंग्लंडच्या, कोणी स्वित्झर्लंडच्या परीक्षेची तयारी करत असल्याने एका वर्गाचे चार वर्ग होत. या अडचणीतून सर्व देशांच्या विद्यापीठांना चालेल अशा एका सामायिक परीक्षेची कल्पना साठच्या दशकात पुढे आली, १९६८ मध्ये आयबी संस्था रीतसर स्थापन झाली आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शिक्षण विभागाचे प्रमुख अॅलेक पीटरसन तिचे पहिले महासंचालक झाले. दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला सहा विषय घ्यावे लागतात. त्यांत स्वभाषेचे साहित्य, दुसरी भाषा, समाजशास्त्रांपैकी एक, विज्ञान आणि गणित हे असतातच, तर सहावा विषय कलांपैकी किंवा आधीच्याच गटांपैकी निवडता येतो. सर्वसाधारणपणे तीन विषय वरच्या पातळीवर, प्रत्येकी २४० तासांचे, आणि तीन साध्या पातळीवर, प्रत्येकी १५० तासांचे असतात. प्रत्येक विषयाला सात गुण आणि इतर कामाला तीन, असे एकूण ४५ गुण होतात. इतर कामात ज्ञानमीमांसेचा, म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते कशाच्या आधारावर, याची चिकित्सा करणारा विषय आणि चार हजार शब्दांचा स्वतंत्र शोधनिबंध येतो, तर कला, शारीरिक उपक्रम व समाजसेवा यांचा सक्तीचा भाग गुणांविनाच पार पाडावा लागतो. प्रवेश परीक्षेच्या घोकंपट्टीवर उभ्या असलेल्या व्यवस्थेत हे सगळे बसवणे किती अवघड आहे, हे या यादीवरूनच लक्षात यावे.

तथापि जपानी विद्यार्थ्याने परकीय भाषेतून शास्त्रे शिकणे ही त्या देशात नवी गोष्ट नव्हती. मेइजी राजवटीच्या पहिल्या दोन दशकांत उच्च शिक्षण बहुतांशी इंग्रजीतूनच होई, कारण शिकवणारे ‘ओयातोइ गाइकोकुजिन’, म्हणजे सरकारने पगार देऊन आणलेले परदेशी तज्ज्ञ होते आणि जपानीत पुस्तकेच नव्हती. १८७६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या विल्यम क्लार्क यांनी उभारणी केलेल्या साप्पोरो कृषी महाविद्यालयात व्याख्याने, टिपणे आणि परीक्षा इंग्रजीत होत, आणि तिथून बाहेर पडलेले उचिमुरा कांझो व नितोबे इनाझो यांनी आपली सर्वांत गाजलेली पुस्तके इंग्रजीतच लिहिली, हा त्या शिक्षणाचाच परिणाम होता. याच काळात मोरी आरिनोरी यांनी, जे पुढे १८८५ मध्ये देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले, सोपी केलेली इंग्रजी राष्ट्राच्या व्यवहाराची भाषा करावी असा प्रस्ताव अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम व्हिटनी यांच्यापुढे ठेवला, आणि व्हिटनींनी त्यांना त्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. लंडनमध्ये असलेल्या बाबा तात्सुइ यांनी १८७३ मध्ये जपानी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करून या प्रस्तावाला उत्तर दिले. परक्या भाषेतील शिक्षण वरच्या वर्गाला खालच्यापासून तोडेल, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. तो त्यांना इंग्रजीत लिहावा लागला. दीडशे वर्षांनंतर आयबीच्या तुकड्यांविषयी जो आक्षेप घेतला जातो, तो याहून फारसा वेगळा नाही.

इंग्रजीतून शिकण्याचा हा काळ अल्पायुषी ठरला. पगारी परदेशी शिक्षकांचा खर्च प्रचंड होता, परदेशांत शिकून आलेले जपानी प्राध्यापक त्यांच्या जागा घेऊ लागले, पारिभाषिक संज्ञा घडल्या, आणि इनोउए कोवाशी १८९३-९४ मध्ये शिक्षणमंत्री असताना राष्ट्रभाषेतील शिक्षणावरचा भर उघड धोरण बनला. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी १९११ मध्ये या बदलाचे मोजमाप नेमकेपणाने केले. आपल्या विद्यार्थिदशेत भूगोल, इतिहास, गणित, वनस्पतिशास्त्र असे सारे विषय परदेशी पुस्तकांतून शिकावे लागत आणि पुष्कळदा उत्तरेही इंग्रजीत लिहावी लागत, हे सांगून त्यांनी असे म्हटले की तरुणांचे इंग्रजी कच्चे होणे हा जपानी शिक्षण यशस्वी झाल्याचा स्वाभाविक परिणाम आहे आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. स्वतः इंग्रजीचा प्राध्यापक राहिलेल्या माणसाचे हे मत आहे. जपानच्या शिक्षणव्यवस्थेने ते इतके आत्मसात केले की इंग्रजी हा पुढे केवळ परीक्षेचा विषय होऊन बसला.

इंग्रजी माध्यम उरले ते बंदरांच्या गावांत. १८५९ मध्ये परदेशी व्यापाराला खुल्या झालेल्या योकोहामात १८७२ मध्ये फ्रेंच जोगिणींनी सेंट मॉर ही शाळा सुरू केली, १९०१ मध्ये मेरियनिस्ट पंथाच्या धर्मगुरूंनी सेंट जोसेफ, १९०२ मध्ये तोक्योत अमेरिकन स्कूल आणि १९१३ मध्ये कोबेत कॅनेडियन अॅकॅडमी निघाली. १९२३ च्या भूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाले, तरी पुढच्याच वर्षी तिथल्या परदेशी रहिवाशांनी योकोहामा इंटरनॅशनल स्कूल उभे केले, आणि योगायोगाने जिनेव्हातील शाळाही त्याच वर्षीची आहे. या शाळा परदेशी मुलांसाठी होत्या आणि सरकारने त्यांच्याकडे दुर्लक्ष करणेच पसंत केले. मात्र १८९९ मध्ये, परदेशी लोकांना वसाहतीबाहेर कोठेही राहण्याची मुभा मिळाली त्याच वर्षी, खासगी शाळांविषयीचा आदेश निघाला आणि सोबतच्या बाराव्या निर्देशाने मान्यताप्राप्त शाळांत धर्मशिक्षण देण्यास मनाई केली. आओयामा गाकुइन आणि मेइजी गाकुइन या ख्रिस्ती संस्थांनी धर्मशिक्षण सोडण्याऐवजी ‘माध्यमिक शाळा’ हा दर्जा सोडला, आणि त्याबरोबर त्यांच्या विद्यार्थ्यांचा वरच्या सरकारी शाळांतील प्रवेशाचा व लष्करभरतीतील सवलतीचा हक्कही गेला. दर्जा काढून घेतला की शाळा बंद न करताही तिची वाट बंद करता येते, हे सरकारला तेव्हाच उमगले होते.

युद्धानंतर या पद्धतीला नवे कायदेशीर रूप मिळाले. १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्याच्या पहिल्याच कलमात बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत ‘शाळा’ म्हणून कोणाला ओळखावे याची यादी दिलेली आहे, आणि या यादीत बसणाऱ्या संस्थांना बोलीभाषेत ‘इचिजोको’, म्हणजे कलम एकच्या शाळा, म्हणतात. त्यांना मंत्रालयाचा अभ्यासक्रम, मंत्रालयमान्य पाठ्यपुस्तके आणि जपानी अध्यापन परवाना असलेले शिक्षक हे तिन्ही बंधनकारक असते. या बंधनांत न बसणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळांना बहुधा ‘काकुशु गाक्को’ या संकीर्ण शाळांच्या वर्गात जागा मिळाली, आणि त्या वर्गात शिवणकाम, मण्यांच्या पाटीवरचे हिशेब आणि मोटार चालवणे शिकवणाऱ्या संस्थाही होत्या. म्हणजे योकोहामात बारा वर्षे शिकून उत्तम इंग्रजी, फ्रेंच आणि कलनशास्त्र आत्मसात केलेल्या मुलीचे प्रमाणपत्र विद्यापीठ प्रवेशाच्या दृष्टीने शिवणवर्गाच्या दाखल्याइतकेच वजनदार होते. जपानी पालकांनी आपले मूल अशा शाळेत घातले तर सक्तीच्या शिक्षणाचे कर्तव्य पाळले नाही असा अर्थ निघे.

या कुंपणाला पहिले भगदाड १९७९ मध्ये पडले. आयबी पदविका मिळवलेल्या आणि अठरा वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला हायस्कूल उत्तीर्ण झालेल्याइतकीच पात्रता आहे असे मंत्रालयाने त्या वर्षी अधिसूचनेने जाहीर केले. ही मान्यता शाळेला नव्हे, व्यक्तीला दिलेली होती, हा तिचा सगळ्यात महत्त्वाचा विशेष. त्यामुळे एकाच आंतरराष्ट्रीय शाळेच्या एकाच वर्गातील दोन मुलांपैकी ज्याने आयबी पूर्ण केले तो राष्ट्रीय विद्यापीठात अर्ज करू शके आणि ज्याने केवळ शाळेचा दाखला घेतला तो करू शकत नसे. १९८० च्या दशकात योकोहामा, तोक्यो आणि कोबे येथील जुन्या आंतरराष्ट्रीय शाळांत आयबी रुजले, त्यामागे शैक्षणिक आदर्शाइतकाच हा व्यवहारही असावा. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. याच १९७९ च्या जानेवारीत राष्ट्रीय विद्यापीठांसाठीची पहिली सामायिक प्राथमिक परीक्षा घेण्यात आली. लाखो मुलांना एकाच वेळी, एकाच प्रश्नपत्रिकेवर, यंत्राने तपासता येतील अशा खुणा करायला लावणारी ही परीक्षा आणि चार हजार शब्दांचा निबंध मागणारी पदविका, या दोघींचा जपानी विद्यापीठांशी संबंध एकाच वर्षी जुळला. त्यांपैकी पहिली देशाची झाली, दुसरी मूठभरांची राहिली.

मूठभर म्हणजे कोण, हे त्या काळात बदलत होते. जपानी कंपन्यांचे कर्मचारी सत्तरच्या दशकात मोठ्या संख्येने परदेशी नेमले जाऊ लागले आणि त्यांच्याबरोबर गेलेली मुले चार-पाच वर्षांनी परत आली, की त्यांना जपानी लिपी धड वाचता येत नसे. ‘किकोकु शिजो’ म्हणून ओळखली जाणारी ही परतलेली मुले आरंभी दुरुस्त करावयाची प्रकरणे मानली गेली. त्यांच्यासाठी १९७८ मध्ये इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचे हायस्कूल, १९८० मध्ये क्योतोच्या दोशिशा संस्थेचे आंतरराष्ट्रीय हायस्कूल आणि १९८९ मध्ये तोक्यो महानगराचे सरकारी कोकुसाइ हायस्कूल सुरू झाले. ही सर्व कलम एकच्या आत होती. इंग्रजी टिकवून ठेवू पाहणाऱ्या, परंतु आंतरराष्ट्रीय शाळेचे वर्षाला वीस लाख येनांहून अधिक शुल्क न परवडणाऱ्या मध्यमवर्गाची मागणी याच शाळांच्या आसपास तयार झाली.

कुंपणाबाहेरच्या शाळांचा प्रश्न २००३ मध्ये पुन्हा पेटला, आणि त्यात इंग्रजीला मिळणारा विशेष मान उघडा पडला. परदेशी शाळांच्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ प्रवेशाची पात्रता द्यावी या मागणीवर मंत्रालयाने प्रथम असा तोडगा काढला, की पाश्चात्त्य मूल्यांकन संस्थांनी प्रमाणित केलेल्या शाळांनाच ती मिळावी. म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या शाळा आत आणि पिढ्यान्‌पिढ्या जपानमध्ये राहणाऱ्या कोरियन व चिनी समाजाच्या शाळा बाहेर. यावर इतकी टीका झाली की मंत्रालयाला तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. सप्टेंबरात आलेल्या सुधारित नियमांनी प्रमाणित शाळांबरोबरच मायदेशाच्या हायस्कुलाशी समकक्ष ठरणाऱ्या शाळांनाही मान्यता दिली, आणि उत्तर कोरियाशी नाते असलेल्या ‘चोसेन गाक्को’ शाळांच्या मुलांचा निर्णय प्रत्येक विद्यापीठाच्या वैयक्तिक छाननीवर सोपवला. चौथ्या-पाचव्या पिढीच्या रहिवाशांना छाननी आणि काल आलेल्या इंग्रजी शाळेला सरसकट पात्रता, ही विषमता या तडजोडीत कायम राहिली.

याच सुमारास आयबी कुंपणाच्या आत शिरले. ते तोक्योत नव्हे, तर शिझुओका प्रांतातील नुमाझु या समुद्रकाठच्या मध्यम आकाराच्या शहरात घडले. तेथील कातो गाकुएन संस्थेने १९९२ मध्ये आपल्या प्राथमिक शाळेत कॅनडातील पद्धतीवर आधारलेला ‘इमर्शन’ वर्ग सुरू केला, म्हणजे इंग्रजी हा विषय न शिकवता गणित, विज्ञान असे विषयच इंग्रजीतून शिकवायचे. परदेशात कधीही न राहिलेली, घरी फक्त जपानी बोलणारी ही मुले होती, अभ्यासक्रम मंत्रालयाचाच होता, बदलली होती ती वर्गातली भाषा. मुले मोठी झाली तसा प्रश्न पुढे आला, की हायस्कुलात त्यांना काय शिकवायचे. त्यावर संस्थेच्या ग्योशु हायस्कुलाने या शतकाच्या आरंभी आयबी स्वीकारले आणि कलम एकच्या शाळेत आयबी चालवणारी ती जपानमधील पहिली संस्था ठरली. पहिल्या तुकड्यांना दोन अभ्यासक्रमांचा भार एकाच वेळी पेलावा लागला, कारण मंत्रालयाला हवे असलेले सर्व श्रेयांक पुरे करायचे आणि आयबीचे तासही भरायचे. त्यात जपानी अध्यापन परवाना असलेला, इंग्रजीतून भौतिकशास्त्र शिकवणारा आणि आयबीचे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक हवा, आणि या तीन अटी पुऱ्या करणारा माणूस मिळणे दुरापास्त होते. १९८८ पासून कायद्यात असलेला ‘तोकुबेत्सु मेन्क्योजो’, म्हणजे परवान्याशिवायच्या तज्ज्ञाला प्रांतिक शिक्षण मंडळाने देण्याचा विशेष परवाना, अशा वेळी कामी येई.

पुढे ओसाका-क्योतो परिसरातील रित्सुमेइकान उजि, तोक्योतील तामागावा आणि हिरोशिमातील एआयसीजे या खासगी शाळा आल्या. गुन्मा प्रांतातील ओता या मोटारकारखान्यांच्या शहरात तर नगरपालिकेने पुढाकार घेऊन, २००२ च्या विशेष सुधारणा क्षेत्र कायद्याचा आधार घेत, २००५ मध्ये बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवणारी गुन्मा कोकुसाइ अॅकॅडमी उभी केली आणि नंतर तिथेही पदविका आली. तरीही २०१० च्या सुमारास कलम एकच्या आत पदविका देणाऱ्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

शासनाने या प्रयोगाला राष्ट्रीय धोरण का केले, याचे उत्तर वर्गांपेक्षा उद्योगांच्या चिंतेत सापडते. अमेरिकेत शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांची संख्या १९९७ च्या सुमारास ४७ हजारांवर होती, ती २०११ पर्यंत २० हजारांच्या आत आली, आणि केइदानरेन हा उद्योगपतींचा संघ ‘ग्लोबल जिन्झाइ’, म्हणजे जागतिक कामाला उपयोगी पडेल असे मनुष्यबळ, मागू लागला. २०१२ मध्ये मंत्र्यांच्या समितीने आयबी किंवा तत्सम शिक्षण देणाऱ्या शाळा पाच वर्षांत २०० करण्याचे सुचवले, आणि जून २०१३ मध्ये पंतप्रधान आबे यांच्या मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पुनरुज्जीवन धोरणात २०१८ ही मुदत घातली गेली. मुदत आधी २०२० पर्यंत, नंतर २०२२ च्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत वाढली, आणि शेवटी आकडा गाठला गेला तो मान्यतेच्या प्रतीक्षेतील उमेदवार शाळा आणि प्राथमिक-माध्यमिक स्तरावरचे आयबी कार्यक्रम धरून. पदविका प्रत्यक्ष देणारी हायस्कुले त्या आकड्याचा एक भाग आहेत, आणि संपूर्णपणे इंग्रजीतून देणारी कलम एकची हायस्कुले त्याहून लहान भाग. आकड्यांच्या मोहात सरकारने हा फरक कधी फारसा ठळक केला नाही.

इंग्रजीची सक्ती सैल करणे हाच या विस्ताराचा खरा मार्ग होता. मंत्रालयाने २०१३ मध्ये आयबी संस्थेशी बोलणी करून ‘द्विभाषी पदविका’ नावाची व्यवस्था मिळवली. तिच्यात इतिहास, जीवशास्त्र, रसायनशास्त्र असे विषय आणि ज्ञानमीमांसाही जपानीतून शिकवता व लिहिता येते, आणि इंग्रजी भाषेखेरीज आणखी निदान एक विषय, बहुधा गणित किंवा कला, इंग्रजीतून घ्यावा लागतो. साप्पोरो महानगरपालिकेच्या काइसेइ शाळेने हीच वाट धरली. ज्या शहरात क्लार्क यांच्या शिष्यांनी शेतीचे रसायनशास्त्र इंग्रजीत लिहून काढले, त्याच शहरात आयबीचे रसायनशास्त्र जपानीत लिहिले जाऊ लागले, आणि सोसेकींच्या निदानाची ही उशिरा मिळालेली पावतीच म्हणावी लागेल. मंत्रालयाला आयबीतून हवी होती ती चिकित्सेची आणि लेखनाची पद्धत, इंग्रजी तिच्यासोबत आली तर बरेच, असा या तडजोडीचा अर्थ दिसतो. तो शहाणपणाचा होता.

दुसरी अडचण श्रेयांकांची. जपानी हायस्कुलातून उत्तीर्ण व्हायला किमान ७४ श्रेयांक लागतात आणि शाळेने स्वतः ठरवलेल्या विषयांचे त्यांत २० पर्यंतच धरता येत. २०१५ मध्ये आयबीच्या शाळांसाठी ही मर्यादा ३६ करण्यात आली आणि आयबीचे काही विषय सक्तीच्या विषयांच्या जागी चालतील असे ठरले. त्याच वर्षी तोक्यो महानगराच्या कोकुसाइ हायस्कुलाला पदविकेची मान्यता मिळाली आणि प्रांतिक सरकारी शाळेत इंग्रजीतून आयबी शिकणे प्रथमच शक्य झाले. सरकारी हायस्कुलाचे वार्षिक शुल्क तेव्हा १,१८,८०० येन होते, म्हणजे आंतरराष्ट्रीय शाळेच्या शुल्काचा किरकोळ अंश. मात्र जागा दरवर्षी सुमारे पंचवीस, आणि देशातील सर्वांत मोठ्या शहराच्या मानाने हा आकडा किती तोकडा आहे हे वेगळे सांगायला नको.

अशा तुकडीतील अभ्यासाचे वर्ष कसे आखले जाते, हे पाहण्यासारखे आहे. आयबीच्या परीक्षा मे आणि नोव्हेंबर अशा दोन हंगामांत होतात. आंतरराष्ट्रीय शाळा मे महिना धरतात, तर एप्रिल-मार्च वर्षाच्या जपानी हायस्कुलांना नोव्हेंबर सोयीचा पडतो. त्यामुळे हायस्कुलाचे पहिले वर्ष पूर्वतयारीत जाते, दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये पदविकेचा अभ्यास सुरू होतो आणि दोन वर्षांचा म्हणून आखलेला अभ्यासक्रम वीस महिन्यांच्या आत संपवावा लागतो. याच काळात इतर तुकड्यांची मुले दुपारनंतर ‘बुकात्सु’त, म्हणजे शाळेच्या क्रीडा-कला मंडळांत, रोज राबतात आणि संध्याकाळी ‘जुकु’ या खासगी शिकवणीला जातात. आयबीच्या मुलाला दोन्ही झेपत नाही. समाजसेवेचा आणि खेळाचा भाग आयबीतही असतो, पण त्यात स्वतः उपक्रम आखून त्यावर चिंतन लिहावे लागते. वरिष्ठांच्या आज्ञेत वर्षानुवर्षे सराव करण्याच्या बुकात्सुच्या शिस्तीशी ते जुळत नाही.

सर्वांत तीव्र अंतर इतिहासाच्या वर्गात पडते. जपानी पाठ्यपुस्तकांची मंत्रालयीन तपासणी हा दीर्घ वादाचा विषय आहे, आणि इतिहासकार इएनागा साबुरो यांनी तिच्याविरुद्ध १९६५ पासून लढवलेले खटले १९९७ पर्यंत चालले. आयबीच्या इतिहासाला असे मंत्रालयमान्य पुस्तकच नसते. २०१७ पासून परीक्षेला आलेल्या अभ्यासक्रमातील पहिल्या प्रश्नपत्रिकेसाठी निवडता येणाऱ्या प्रकरणांत जागतिक युद्धाकडे झालेली वाटचाल हे एक आहे आणि त्यात १९३१ ते १९४१ मधील जपानचा पूर्व आशियातील विस्तार येतो. विद्यार्थ्यापुढे चार उतारे ठेवले जातात आणि त्यांतील एखाद्याचा उगम, हेतू व आशय पाहून त्याचे मोल आणि मर्यादा लिहायला सांगितल्या जातात. मांचुरियाविषयी जपानी सेनाधिकाऱ्याचे निवेदन आणि राष्ट्रसंघाचा अहवाल शेजारी ठेवून जपानी मुलगी परक्या भाषेत उत्तर लिहिते, तेव्हा त्या भाषेचा एक अनपेक्षित उपयोग होतो. घरच्या वादापासून हातभर अंतर मिळते. त्याच वेळी तिच्या स्वभाषेचा विषय जपानी साहित्यच असतो, आणि इंग्रजीतून इतिहास व जपानीतून साहित्य उत्तीर्ण झाल्याने ती दोन भाषांच्या पदविकेला पात्र ठरते.

या इतिहासाला महाराष्ट्राशी जोडणारा एक धागा आहे. नागानो प्रांतातील कारुइझावा येथे २०१४ मध्ये सुरू झालेली निवासी शाळा, जिच्या संस्थापक कोबायाशी रिन स्वतः कॅनडातील युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये शिकल्या होत्या, २०१७ मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय महाविद्यालयसमूहात सामील झाली आणि मुळशी तालुक्यात पौडजवळ १९९७ पासून चालणाऱ्या महिंद्रा महाविद्यालयाची भगिनीसंस्था बनली. दोन्हीकडे अभ्यास एकच, आयबी पदविकेचा. फरक इतकाच की कारुइझावाची शाळा कलम एकच्या आत असल्याने जगभरातून आलेल्या तिच्या मुलांना जपानी हायस्कुलाचा दाखलाही मिळतो. उलट तोक्योच्या एदोगावा प्रभागात स्थायिक झालेल्या भारतीय संगणक अभियंत्यांच्या मुलांसाठी २००४ पासून निघालेल्या, भारतीय मंडळाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळा कलम एकच्या बाहेर आहेत. तिथल्या मराठी पालकांना आंतरराष्ट्रीय, भारतीय की जपानी सरकारी, हा प्रश्न मूल सहा वर्षांचे होताच सोडवावा लागतो.

शेवटची कसोटी विद्यापीठांची. ओकायामा आणि त्सुकुबा यांसारख्या राष्ट्रीय विद्यापीठांनी २०१० च्या दशकात आयबीच्या गुणांवर आधारित स्वतंत्र प्रवेश सुरू केले आणि अनेक खासगी विद्यापीठांनी त्यांचे अनुकरण केले, परंतु या जागा थोड्या आहेत. सर्वसाधारण वाटेने जायचे तर नोव्हेंबरच्या परीक्षेपाठोपाठ जानेवारीतच देशभरची सामायिक परीक्षा असते, जिची तयारी आयबीच्या मुलाने केलेली नसते. तोक्यो विद्यापीठाने २०१२ मध्ये वर्ष शरदात सुरू करण्याचा विचार मांडला होता, तो बारगळला नसता तर ही ओढाताण कमी झाली असती. परदेशी विद्यापीठांकडे जाण्याचा कल या तुकड्यांत म्हणूनच दिसतो, आणि तिथल्या शुल्कासाठी लागणारा पैसा सरकारी शाळेतल्या कुटुंबांकडे असतोच असे नाही. कायद्याच्या बाजूने पाहिले तर एक विसंगती उरते. कलम एकच्या शाळेतून आयबी पूर्ण करणाऱ्या मुलाला मार्चमध्ये शाळेचा साधा दाखला मिळतो आणि विद्यापीठाच्या पात्रतेला तेवढा पुरेसा असतो. ज्या १९७९ च्या अधिसूचनेने या पदविकेला जपानमध्ये पाय ठेवायला जागा दिली, तिची त्याला गरजच पडत नाही.